दिवलीबाईची तेवीस झाडं

ललितभाईंच्या ऑफिसात मी रुजू झाले तेव्हा त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये अठराशे झाडं होती. त्यांतलं आमच्या तापीकाठी उगवणारं मला एकच सापडलं, ते म्हणजे केळ. बाकी पाइन, मेपल, ऑलिव्ह आणि ताडाचे सात प्रकार. ललितभाई शहाद्याचे आर्किटेक्ट. बांधायची इमारत आधी चित्रात दाखवावी लागते, आणि भोवती झाडं नसली तर चित्रातली इमारत जमिनीवर टेकल्यासारखी वाटत नाही. म्हणून ते शाळेच्या चित्रात मेपल लावत, दवाखान्याच्या चित्रात मेपल लावत. एका जिनिंगच्या शेडपुढेही त्यांनी चार मेपल उभे केले होते, शरद ऋतूतले, लालभडक.

मी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे. तीन वर्षं कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवलं, मग ते तास बंद झाले. ललितभाईंनी मुलाखतीत एकच प्रश्न विचारला.

"झाडे लावता येतस का?"

"चित्रात?"

"मंग काय वावरमा?"

मी म्हटलं, येतील, पण आधी ही झाडं बदलावी लागतील.

दीड वर्षात मी जिल्ह्यातल्या छत्तीस जातींची लायब्ररी तयार केली. पद्धत अवघड नाही, धीर लागतो. एकटं उभं असलेलं झाड शोधायचं. वारा पडलेला असताना त्याच्याभोवती फिरत तीन उंचींवरून दीडशे फोटो काढायचे. त्यावरून कॉम्प्युटर झाडाचा आकार बांधतो, पण तो चाळीस लाख बारीक त्रिकोण जोडून बनलेला असतो, आणि अशी दहा झाडं लावली की आमचं मशीन बसतं. मग कमी करत जायचं. खोड जवळून दिसतं, त्याचा तपशील ठेवायचा. शेंड्याची पानं झुबक्या-झुबक्यांनी सपाट करायची. शंभर मीटरपलीकडच्या झाडाचा नुसता फोटो उभा केला तरी भागतं. आणि एका झाडाची शंभर झाडं करताना ते शंभर वेळा साठवायचं नाही. कॉम्प्युटर एकच झाड लक्षात ठेवतो. बाकीच्या ठिकाणी फक्त जागा, फिरवण्याचा कोन आणि उंची. पूर्वी एका चित्राला मशीन चार तास घ्यायचं. माझ्या झाडांसह ते पंचवीस मिनिटांत होऊ लागलं.

"हाई काय जादू शे?" ललितभाईंनी विचारलं.

"जादू नाही. वजाबाकी आहे."

झाडं कुठे लावायची याचेही नियम मी लिहून ठेवले होते. अर्जुन नाल्याच्या काठी, अंजन दगडाळ उतारावर, साग घोळक्याने, मोह सुटा-सुटा. एका झाडाच्या किती प्रती एका चित्रात चालतात हेही तपासलं होतं. बारा माणसांना चित्रं दाखवली आणि विचारलं, यात काही खटकतं का? प्रत्येक प्रत वेगळ्या कोनात फिरवली आणि उंची दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे केली, तर पंचवीस प्रतींपर्यंत कोणालाही काही खटकलं नाही. ती बाराही माणसं शहाद्याची होती, हे तेव्हा मला महत्त्वाचं वाटलं नाही.

मग मोलगीकडचं काम आलं. मोलगीहून जीपने तासाभराच्या अंतरावर डोंगरात एक शाळा आहे. एक संस्था तिथे साठ मुलींचं वसतिगृह बांधणार होती. मुली वर्गातच झोपत. रोज संध्याकाळी बाकं भिंतीला लावायची, सतरंज्या अंथरायच्या आणि सकाळी उलटं. हे मला सीमा वसावे यांनी सांगितलं. त्या तिथल्या शिक्षिका, त्याच गावच्या. मुलींबरोबर त्याही वर्गातच झोपत.

होळी होऊन आठवडा झाला होता. मी जागा बघायला गेले तेव्हा मोह फुलावर होता. शाळेमागे एक मोह सर्व बाजूंनी मोकळा उभा होता. पूर्वेकडची खालची फांदी कोपरात वाकलेल्या हातासारखी, तिच्या वर तुटलेल्या जुन्या फांदीची ढोली, आणि बुंध्याभोवतीची जमीन झाडून इतकी स्वच्छ केलेली की कॅमेऱ्याला खोड जमिनीत जातं ती कड नीट दिसावी. इतकं सोयीचं झाड मला कधी मिळालं नव्हतं. भर दुपार होती, आसपास कोणी नव्हतं. मी एकशे बावन्न फोटो काढले, घेर मोजला आणि परतले. झाडाची जागा नोंदवली नाही. ते मोजणीदाराचं काम, नकाशात असेलच, असं मी धरून चालले.

नकाशात चार साग नेमक्या जागी दाखवले होते, मोह एकही नाही. खाली कोपऱ्यात लिहिलं होतं: 'किरकोळ झाडे – ४'.

चित्र मी पाच दिवसांत केलं. ललितभाईंना हिरवं हवं होतं. फुलावरचा मोह जवळजवळ निष्पर्ण असतो, म्हणून मी त्याला एप्रिलमधली तांबूस-हिरवी पालवी दिली. इतर झाडांचे माझ्याकडे तीन-तीन नमुने होते, मोहाचा हा एकच. पण तो इतका चांगला उतरला होता की मी तो त्याच्या खालच्या स्वच्छ जमिनीसकट उचलला आणि वसतिगृहाच्या आजूबाजूला, मागच्या टेकडीवर, नाल्यापलीकडे लावला. तेवीस ठिकाणी.

ललितभाई खुर्ची सरकवून बराच वेळ बघत बसले. "आते हाई आपलं गाव दिखस," ते म्हणाले.

जागा गावाची असल्यामुळे ग्रामसभेचा ठराव लागणार होता. ऑक्टोबरमध्ये सभा ठरली. महिनाअखेरपर्यंत ठराव मिळाला नाही तर संस्था ते वसतिगृह दुसऱ्या गावाला देणार होती. ललितभाईंनी सहा फूट बाय चार फुटांचा फ्लेक्स छापून घेतला आणि आम्ही तो शाळेच्या भिंतीला खिळे मारून लावला.

दीडशेच्या वर माणसं जमली. ललितभाई इमारतीबद्दल बोलत होते: खोल्या किती, नळ किती, स्वयंपाकघर कुठे. लोक इमारतीकडे बघत नव्हते. ते झाडांकडे बघत होते.

"हा तिवस," एक म्हातारा म्हणाला.

"हा अंजन बघ, खडकावर. बरोबर."

"मोह आहे. मोह चांगला काढलाय."

मी मागे उभी होते. आपण लावलेली झाडं कोणी नावानिशी ओळखावीत, असं माझ्या कामात पहिल्यांदाच होत होतं. मला फार बरं वाटलं.

मग बायकांमधून एक बाई उठली. साठीच्या पुढची, काटक, कासोटा घातलेली. ती फ्लेक्सपाशी गेली आणि एका मोहावर तिने बोट ठेवलं. काहीतरी म्हणाली. बोट दुसऱ्या मोहावर नेलं, परत तेच म्हणाली. तिसऱ्यावर गेली तेव्हा लोक हसायला लागले.

"काय म्हणतायत त्या?" मी सीमाताईंना विचारलं.

सीमाताईही हसत होत्या. "दिवलीबाई म्हणताहेत, हे झाड माझं. हे पण माझं. हे पण माझंच."

मी प्रत्येक प्रत फिरवली होती. एकात ती वाकलेली फांदी डावीकडे होती, दुसऱ्यात मागे, तिसऱ्यात अर्धी झाकलेली. दिवलीबाई टाचा उंचावून टेकडीवरच्या झाडांपर्यंत पोहोचली आणि मोजतच राहिली. आता सगळी सभा तिच्याबरोबर मोजत होती.

"तेवीस!" कोणीतरी ओरडलं. "दिवली श्रीमंत झाली!"

"होळीला सगळ्या गावाला मोहाची आता हीच पाजणार!"

"तेवीस झाडांखाली झाडणार कोण गं? कंबर राहील का?"

"तुझ्या बायकोला पाठव," दिवलीबाईने मराठीतच उत्तर दिलं, आणि हशा पुन्हा उसळला.

तेवढ्यात मला माझी चूक पूर्ण दिसली. मोहाची फुलं पहाटे गळतात. ती स्वच्छ वेचता यावीत म्हणून फुलाच्या दिवसांआधी झाडाखालचा पाला झाडून, जाळून जमीन मोकळी करतात. ज्याचं झाड, तो झाडतो. खाली झाडलेली जमीन म्हणजे या झाडाला मालक आहे. मी तेवीस झाडांखाली मालकी लिहून ठेवली होती, आणि तेवीसही ठिकाणी एकाच बाईचं नाव.

दिवलीबाई हसायची थांबली. तिने चित्रात विहीर शोधली. विहिरीपासून शाळेच्या मागून जाणारी पायवाट बोटाने धरली, मोठ्या दगडापाशी वळली आणि बोट थांबलं. ते वसतिगृहाच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर होतं.

तिने एकच वाक्य म्हटलं. या वेळी कोणी हसलं नाही.

सीमाताईंनी ते हळू आवाजात सांगितलं. "म्हणताहेत, माझी तेवीस झाडं दाखवलीत. पण माझं झाड जिथे आहे, तिथे नाही."

ललितभाई पुढे झाले. "आजी, हे नुसतं चित्र आहे. झाडं शोभेची आहेत. आमच्या मॅडमनी लावलीत."

रायसिंगदादा ग्रामसभेचे अध्यक्ष होते. ते खुर्चीतून न उठताच म्हणाले, "साहेब, इमारत अजून झालेली नाही. आम्हाला 'हो' म्हणायचं ते चित्र बघूनच ना?"

"हो."

"मग चित्रात झाड नाही, म्हणजे ते तोडणार. असंच ना?"

ललितभाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "चूक माझी आहे. झाड मी बघितलं होतं, त्याची जागा मोजली नाही. नकाशातही ती नाही. मला आज मोजू द्या."

रायसिंगदादांनी सभेला विचारलं. चर्चा त्यांच्या भाषेत झाली, मला कळली नाही. मग ते म्हणाले, "आठ दिवसांनी परत बसू. झाडं जागेवर घालून आणा. दिवलीबाईचं झाड जाणार असेल तर तसं दाखवा, आम्ही नाही म्हणू. लपवू नका म्हणजे झालं."

सभा उठल्यावर ललितभाई जीपमध्ये फोन लावत बसले आणि मी टेप, होकायंत्र आणि वही घेऊन मोहाकडे गेले. दिवलीबाई आधीच तिथे पोहोचल्या होत्या. सीमाताई भाषेपुरत्या आल्या होत्या, पण त्यांचा चेहरा उतरला होता. साठ मुलींचं वसतिगृह एका झाडाशी अडलं होतं, आणि त्यांना दोन्ही बाजू कळत होत्या.

"ही जमीन शाळेची ना?" मी विचारलं.

"जमीन शाळेची," सीमाताई म्हणाल्या. "आधी दिवलीबाईच्या सासऱ्यांची होती. शाळेला त्यांनीच दिली. झाड दिलं नव्हतं. आमच्यात वावराची वाटणी वेगळी आणि मोहाची वेगळी. दिरांना टेकडीवरचे दोन गेले, यांना हा. वावर कोणाचंही होऊ दे, झाड ज्याचं त्याचं राहतं."

"चार मोह आहेत ना आवारात?"

"चार. हा दिवलीबाईचा. विहिरीजवळचा रायसिंगकाकांच्या भावाचा. ते दोन जोडीचे आहेत ते तापीबाईचे."

नकाशावरच्या 'किरकोळ झाडे – ४' पुढे मी चारही नावं लिहिली.

मग मोजायला लागले. घेर दोन मीटर चौऱ्याऐंशी. विहिरीच्या कठड्यापासून अंतर, शाळेच्या दोन कोपऱ्यांपासून अंतर, म्हणजे जागा चुकायला नको. फांद्यांचा पसारा आठ दिशांना. दिवलीबाई माझ्यामागून चालत होत्या. मी वहीत बुंध्याभोवती एक गोल काढला, त्रिज्या सात मीटर, आणि त्यांना दाखवला. एवढी जमीन सोडायची.

त्यांनी नकारार्थी मान हलवली. वही माझ्या हातातून घेतली नाही. पण पायाने जमिनीवर रेघ ओढत झाडाभोवती चालायला लागल्या. पश्चिमेला बुंध्यापासून दहा पावलांवर, उत्तर-दक्षिणेला थोडं जास्त, आणि पूर्वेला कितीतरी लांब.

"हे गोल नाही," मी म्हटलं.

"कसं असेल, बाय?" दिवलीबाई म्हणाल्या. "फूल गळतं तेव्हा वारा असतो."

मी पूर्वेची रेघ मोजली. नऊ मीटर चाळीस. पश्चिमेची सहा मीटर दहा. फुलाच्या दिवसांत इथे वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो. म्हणून फुलं पश्चिमेपेक्षा पूर्वेला तीन मीटर लांब जाऊन पडतात. एम.एस्सी.ला मी मोहाच्या फुलाचा छेद घेऊन रेखाटला होता, त्याचे पुंकेसर मोजले होते. ते पडतं कुठे हे मला कोणी विचारलं नव्हतं.

दिवलीबाईंच्या रेघेवर मी दर तीन पावलांनी एक खूण केली आणि सगळ्या वहीत उतरवल्या. एकूण सव्वीस बिंदू. बाकी तीन मोहांच्या जागा आणि त्यांच्याखाली झाडतात ती जमीनही मोजून घेतली.

शहाद्याला ललितभाईंनी नकाशा टेबलावर पसरला. मोह स्वयंपाकघराच्या बरोबर मधोमध आला.

"एक झाड शे ते," ते म्हणाले. "चित्रमा भिंतीना बाजूले दखाडी दे. चार मीटर सरकाव. कोन मोजी ऱ्हायना?"

"दिवलीबाई मोजतील. फ्लेक्सवर बोट ठेवून."

"तुन्हा कॉम्प्युटरमा झाडेसनं जंगल शे. एक पुसामा तुन्हं काय जास?"

"चित्रमा पुसता येस, भाऊ. पन मंग तठेबी पुसनं पडी."

ते चिडले. प्लॅन करायला त्यांना दोन महिने लागले होते, संस्थेने मान्य केला होता, पाण्याच्या टाकीपासून स्वयंपाकघरापर्यंतची पाइप सर्वांत आखूड बसवली होती. मी जमिनीचं मॉडेल उघडलं. झाडं लावण्यासाठी मी त्या जागेचा चढ-उतार आधीच तयार केला होता, कारण सपाट कागदावर लावलेली झाडं उतारावर तरंगतात. त्यात चार मोह खऱ्या जागी ठेवले आणि दिवलीबाईंची रेघ सव्वीस बिंदूंनी जमिनीवर उमटवली. ती बटाट्याच्या आकाराची दिसत होती. मग इमारत तशीच वर ठेवली आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवला.

ललितभाई चांगले आर्किटेक्ट आहेत. चिडले तरी बघायचं थांबत नाहीत. दहा मिनिटांनी त्यांनी माउस माझ्याकडून घेतला.

"स्वयंपाकघर आरशामा टाकं तर?"

म्हणजे पश्चिम टोकाचा भाग पूर्व टोकाला. त्यांनी इमारत उलटी केली. स्वयंपाकघर पूर्वेला गेलं, मोह पश्चिमेला अंगणात उभा राहिला. रेघ भिंतीला तरीही लागत होती. त्यांनी सगळी इमारत दीड मीटर उत्तरेला ढकलली. रेघ सुटली.

"पाइप अठरा मीटर वाढनी," ते म्हणाले.

"पण मार्चपासून पावसाळा संपेपर्यंत वारा पश्चिमेचा. चुलीचा धूर आधी सगळा झोपायच्या खोल्यांत जाणार होता. आता बाहेर जाईल."

"आनि हिवाळामा?"

"हिवाळ्यात दीड-दोन महिने थोडा आत येईल."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "हाई तू आधीच काबं नही सांगं?"

"आधी वारा मोजला नव्हता. दिवलीबाईंनी मोजून दिला."

ते हसले. मग संस्थेला फोन लावला आणि धुराचा मुद्दा असा मांडला की जणू दोन महिने त्याच विचारात होते. मी त्यांना तसं मांडू दिलं. पाइप मंजूर झाली.

नवं चित्र मी वेगळ्या रीतीने केलं, आणि आता सगळी कामं तशीच करते. लायब्ररीतल्या प्रत्येक झाडाची जमीन कापून वेगळी काढली. झाड वेगळं, त्याच्याखालचं वेगळं. जागेवर जी झाडं खरोखर आहेत ती आधी हाताने, मोजमापाने बसवायची आणि ती हलू नयेत म्हणून त्यांना कुलूप लावायचं. नियमाने विखरायची झाडं त्यानंतर, आणि त्यांनी कुलूपवाल्यांच्या जवळ यायचं नाही. यात माझी चाळीस मिनिटं जास्त जातात. मशीनचा वेळ पंचवीस मिनिटांवरच राहतो. लांबच्या टेकडीवर मी मोलगीच्या रस्त्याला फोटो काढलेले दुसरे तीन मोह वापरले आणि त्यांच्याखाली गवत-पाला ठेवला, म्हणजे त्यावर कोणाचं नाव लागणार नाही. आवारातल्या चारही मोहांखाली झाडलेली जमीन. तापीबाईंच्या जोडीखाली एकच सलग, कारण त्या दोन्ही झाडांखाली एकदमच झाडतात.

आठव्या दिवशी फ्लेक्स त्याच खिळ्यांवर चढला. या वेळी ललितभाई आधी बोलले नाहीत. त्यांनी दिवलीबाईंना हाताने पुढे यायची खूण केली.

दिवलीबाईंनी विहीर शोधली. पायवाट धरली, मोठ्या दगडापाशी वळल्या. बोट मोहावर येऊन थांबलं. त्यांनी वाकलेली फांदी बघितली, ती पूर्वेला होती. ढोली बघितली. मग झाडाखालची जमीन बोटाने पुरी फिरून आल्या, पश्चिमेला थोडी, पूर्वेला जास्त.

सभा वाट बघत होती. सीमाताईंनी माझा दंड घट्ट धरला होता.

दिवलीबाई माझ्याकडे वळल्या आणि मराठीत म्हणाल्या, "बाकी बावीस कुठे गेली माझी?"

आधी बायका हसल्या, मग सगळेच.

"मॅडमनी विकली!" मागून कोणीतरी ओरडलं. "शहाद्याला नेऊन विकली!"

"परत मागून घे, दिवली. पावती आहे का?"

हसणं थांबल्यावर रायसिंगदादांनी विचारलं, "भिंत आणि झाडलेली जमीन, मधे अंतर किती?"

"चाळीस सेंटिमीटर," मी म्हटलं.

"म्हणजे एवढं?" त्यांनी कोपरापासून बोटांपर्यंत हात धरला.

"जवळपास तेवढंच."

ठरावात चारही मोह नावानिशी आले, आणि झाडलेली जमीन मोकळी राहील असंही आलं. तो सीमाताईंनी लिहिला. अक्षर शाळेच्या फळ्यावरच्यासारखं सरळ आलं. हात वर झाले तेव्हा मी मोजले नाहीत. मोजायची गरज नव्हती.

पायाची आखणी मार्चमध्ये झाली. होळी होऊन चार-पाच दिवस झाले होते, सीमाताईंच्या मुली भिंतीशी उभ्या राहून बघत होत्या. मिस्त्रीने सुतळ्या ताणल्या आणि त्यांच्या कडेने पांढरी फक्की टाकत गेला. मी नकाशा घेऊन मागून तपासत होते. तेवढ्यात दिवलीबाई झाडू घेऊन आल्या. मिस्त्रीने हात उंचावला.

"ओ आजी, तिकडे नको, रेघ पुसेल!"

त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मोहाखाली वाळका पाला साचला होता. बुंध्यापासून सुरुवात करून त्या बाहेर-बाहेर झाडत आल्या, दर वर्षी झाडतात तशा. पश्चिमेला, दक्षिणेला, मग पूर्वेला, लांब. मिस्त्री माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, झाडू द्या.

उत्तर-पूर्वेच्या कोपऱ्यात त्या फक्कीच्या दिशेने येत राहिल्या. धुळीचा लोट रेघेवर गेला. मग झाडू थांबला. त्यांनी पाल्याची शेवटची ओळ एका बाजूला ओढली, सरळ झाल्या, आणि झाडलेल्या जमिनीची कड आणि पांढरी रेघ यांच्या मधल्या पट्टीत आपलं पाऊल आडवं नाही, लांबीने ठेवलं. पुढे चार बोटं, मागे चार बोटं जागा उरली.

"बस," त्या म्हणाल्या, आणि पाल्याला काडी लावायला निघून गेल्या.

मी नकाशावर त्या कोपऱ्याशी बरोबरची खूण केली आणि मिस्त्रीला पुढची सुतळी ताणायला सांगितलं.